फऱ्यावरची गाठ

मुतखडा फोडायला ज्या लाटा वापरतात, तशाच प्रकारच्या लाटा दुखऱ्या खांद्यालाही देतात, असं मिरजेच्या फिजिओथेरपिस्ट बाईंनी सांगितलं तेव्हा मी आधी नको म्हटलं. आमच्या ह्यांचा खडा तशाच लाटांनी फोडला होता. ह्यांना टेबलावर आडवं केलं, कमरेला पाण्याने भरलेली उशी टेकवली आणि दार लावून घेतलं. बाहेरच्या बाकावर बसून मी आतला टक् टक् आवाज ऐकत होते. पुढचे काही दिवस हे लघवी गाळून घ्यायचे आणि गाळणीत बारीक कच सापडायची. दगडाचा भुगा करणारी गोष्ट माझ्या अंगाचं काय करेल, हा प्रश्न मी बाईंना तोंडावर विचारला.

"बरोबर विचारताय, काकू," त्या म्हणाल्या आणि खुर्ची ओढून समोर बसल्या. त्यांनी जे समजावलं ते पुढे सांगतेच. पण आधी दुखणं सांगायला हवं. माझ्यासारखा हात आणि माझ्यासारखा धंदा असलेल्या बायका गावोगावी आहेत. वाचताना त्यांना आपलं दुखणं ओळखता आलं पाहिजे, यासाठीच हे लिहिते आहे.

मी ब्लाऊज शिवते. सांगलीत माझं छोटं दुकान आहे. पिको-फॉलने सुरुवात केली, मग साधे ब्लाऊज, मग कटोरी, प्रिन्सेस कट, मागे लटकनवाले, असं करत धंदा वाढला. हाताखाली मुली आहेत, पण कटिंग अजून माझ्याच हातचं. शिवणकाम म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मशिनवर वाकलेली मान येते. खरा भार मात्र कटिंगचा आणि इस्त्रीचा. कटिंगची कैची जड असते. वरचं कापड आणि अस्तर एकावर एक ठेवून कापताना कोपर अंगापासून लांब, हवेत तरंगत राहतं. टेबल बुटकं आणि रुंद असेल तर पलीकडच्या कडेपर्यंत हात ताणावा लागतो. त्यावर इस्त्री. प्रत्येक शिवण उलगडून, दाबून घेतल्याशिवाय ब्लाऊज अंगावर बसत नाही, म्हणजे हात पुढे-मागे, पुढे-मागे. आणि एक सवय मुद्दाम नोंदवते. बॉबिनचा डबा मी उजव्या हाताला, जरा मागच्या फळीवर ठेवत असे. मान न वळवता हात तसाच मागे न्यायचा आणि चाचपून बॉबिन काढायची. वर्षानुवर्षं हेच.

एका लग्नसराईत उजव्या खांद्याला पुढच्या बाजूने, आत खोलवर ठणका सुरू झाला. उसण भरली असेल असं वाटलं, पण उसण दोन-तीन दिवसांत उतरते. हे दुखणं ठाण मांडून बसलं. उजव्या कुशीवर झोपलं की खांदा दबून ठणकायचा आणि डाव्या कुशीवर वळलं की हात पुढे पडून ओढ बसायची. वेणी घालायला हात वर नेला की दंडातून अंगठ्याच्या बाजूपर्यंत कळ उतरायची. पाठीमागे हात नेऊन हूक लावणं तर थांबलंच. रोज सकाळी मुलीला हाक मारावी लागायची. ती बिचारी काही न बोलता येऊन लावून जायची, पण आपले कपडे आपल्याला घालता येत नाहीत याचा मनाला होणारा जाच दुखण्याहून कमी नसतो. रात्री झोप नाही म्हणून दिवसा चिडचिड, आणि चिडचिड निघायची ती मुलींवर.

घरचे उपाय सगळे झाले. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, कोमट तेल, गरम पाण्याची पिशवी. शेजारची एक मुलगी पायाळू आहे, तिचा पायही पाठीला लावून झाला. त्या पोरीने इतक्या मायेने पाय फिरवला की त्या दिवशी बरं वाटलं, हे खोटं कशाला बोलू?

मग दवाखाने. एक्स-रे झाला, मानेचा एमआरआय झाला. मणक्यांत झीज आहे, चकती थोडी सरकली आहे, असं निघालं. मानेला पट्टा आला, गोळ्या आल्या. गोळी घेतली की ठणका दबायचा आणि पोट जळायचं. दुसऱ्या ठिकाणी फ्रोजन शोल्डर म्हणाले आणि साखर तपासायला सांगितली, कारण मधुमेहात तो जास्त होतो. साखर नॉर्मल निघाली. घरी रिपोर्टांची फाईल जाड होत गेली आणि खांदा होता तिथेच राहिला.

आता मला कळतं की माझ्या वयाच्या माणसांच्या मानेचा फोटो काढला तर बहुतेकांच्या मणक्यांत झीज दिसतेच, त्यातल्या कित्येकांना काडीचंही दुखत नसतं. केस पांढरे होतात तसे मणकेही वयाप्रमाणे बदलतात. फोटोत झीज दिसली म्हणून दुखणं तिच्यामुळेच, असं होत नाही. पण रिपोर्टवर छापलेलं वाक्य एकदा हातात पडलं की सगळे त्याच्याच मागे लागतात. हाडांना डॉक्टर आहेत, हृदयाला आहेत, नसांना आहेत. शरीराच्या वजनात ज्याचा वाटा सगळ्यांत मोठा, त्या स्नायूला मात्र कुणी वाली नाही. स्नायू एक्स-रेत दिसत नाही, रक्तात सापडत नाही, आणि दिसत नाही म्हणून बाईमाणसाच्या अशा दुखण्याला "काही नाही, काळजी करता म्हणून होतं" हे उत्तर ठरलेलं. मला हे उत्तर दोन वेळा मिळालं. ऐकून रडू आलं होतं.

शॉकवेव्ह, म्हणजे सुरुवातीला सांगितलेल्या त्या लाटा, हा शब्दही मी आधी अशाच एका ठिकाणी ऐकला. तिथे फाईल चाळून झाली, समोरच्या माणसाने खांद्याला बोटही न लावता दहा वेळांचं पॅकेज सांगितलं. आधी सगळे पैसे भरा, दोन वेळा फुकट. कुठे लाटा देणार, असं विचारलं तर म्हणाले, दुखतं तिथे. त्यांच्याकडून मी उठून आले, कारण एवढं महागडं मशीन लावायच्या आधी हात लावून बघावं एवढं तरी मी मागितलंच असतं. आम्ही सुद्धा माप घेतल्याशिवाय कापडाला कैची लावत नाही.

मिरजेचं नाव एका गिऱ्हाईक बाईंनी सुचवलं. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. १८९४ साली डॉक्टर वॉनलेस यांनी तिथे मिशन हॉस्पिटल काढलं, तेव्हापासून आमच्याकडे मोठं दुखणं म्हटलं की मिरजेची वाट धरतात. सांगलीहून बसने अर्ध्या तासाचं अंतर. पण मी गेले ते कुठल्या मोठ्या हॉस्पिटलात नाही, एका जिन्यावरच्या दोन खोल्यांच्या दवाखान्यात. बाई तिशीतल्या असतील. त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि मला कामाचं विचारलं. टेबल किती उंच, कैची कुठली, इस्त्री किती वेळ, बॉबिन कुठे ठेवता. बॉबिनचं कुणी विचारेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मग त्यांनी मला हात वर करायला सांगितला. अर्ध्यावर अडकला. "आता तुम्ही काही करू नका, हात माझ्या हातात सैल सोडा," असं म्हणून त्यांनी तोच हात हळूहळू वर नेला. दुखलं, पण गेला. कोपर अंगाजवळ ठेवून हात बाहेरच्या बाजूला फिरवला, तोही गेला. फ्रोजन शोल्डर असता तर दुसऱ्याने हलवूनही गेला नसता, कारण त्यात सांध्याचं वेष्टणच आवळलेलं असतं. एवढ्या एका गोष्टीने माझ्या डोक्यावरचं केवढं ओझं उतरलं!

मला डाव्या कुशीवर झोपवून त्या पाठीमागे उभ्या राहिल्या आणि फऱ्यावर बोटं फिरवू लागल्या. फऱ्याच्या वरच्या भागात हाडाचा एक आडवा उंचवटा असतो, त्याच्या खालच्या सपाट भागावर एक पंख्याच्या आकाराचा स्नायू पसरलेला आहे, इन्फ्रास्पायनेटस. हात बाहेर फिरवायचं आणि खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवायचं काम त्याचं. बाईंची बोटं त्या स्नायूच्या आडवी फिरत होती. नेफ्यातली नाडी कापडावरून चाचपताना लागते, तशी एक ताणलेली पट्टी त्यांच्या बोटाखाली येत-जात होती, आणि ती मलाही आतून जाणवत होती. त्या पट्टीवर एका जागी त्या थांबल्या आणि अंगठा दाबला.

ठणका खांद्याच्या पुढे उठला. अगदी तोच, रात्री जागवणारा. तिथून दंडातून खाली अंगठ्यापर्यंत गेला. माझ्या तोंडून "अगं बाई, हाच, हाच!" असं निघालं. बाई म्हणाल्या, "काकू, मी पुढच्या बाजूला हात लावलेलाच नाही. माझं बोट पाठीवर आहे, बघा." मी डावा हात मागे नेऊन त्यांचा अंगठा चाचपला. खरंच पाठीवर होता.

इतक्या काळात पहिल्यांदा कुणाला तरी माझं दुखणं हाताला लागलं होतं.

अशा गाठीला ट्रिगर पॉइंट म्हणतात. गाठ एका जागी आणि दुखणं भलत्याच जागी, हा तिचा स्वभाव. या दुखण्याचा नकाशा जन्मभर मेहनत करून मांडला तो जॅनेट ट्रॅव्हेल या अमेरिकन डॉक्टर बाईंनी. १९६१ साली केनेडी अध्यक्ष झाले तेव्हा त्यांची पाठ कायम दुखायची. ट्रॅव्हेल बाई त्यांच्या डॉक्टर होत्या आणि व्हाइट हाऊसमध्ये अध्यक्षांचा डॉक्टर होण्याचा मान मिळालेली ती पहिली बाई. केनेडींची झुलती खुर्ची प्रसिद्ध आहे, तिचा सल्लाही ट्रॅव्हेल बाईंचाच. १९८३ साली डेव्हिड सायमन्स यांच्याबरोबर त्यांनी या गाठींवरचा मोठा ग्रंथ काढला. कुठल्या स्नायूत गाठ असली की दुखणं कुठे उमटतं, याची त्यात चित्रं आहेत. मिरजेच्या बाईंनी मला त्यातलं आमच्या स्नायूचं चित्र दाखवलं. फऱ्यावर एक फुली, आणि खांद्याच्या पुढे व दंडावर लाल ठिपके. माझ्या फाईलमधल्या कुठल्याही फोटोपेक्षा त्या चित्रात मी जास्त होते. पाठीमागे हात नेऊन कपडे घालता येत नाहीत, त्या कुशीवर झोपता येत नाही, ही लक्षणंसुद्धा या स्नायूच्या नावावर नोंदलेली आहेत. गाठीच्या आत नेमकं काय घडतं यावर डॉक्टर लोकांत अजून वाद आहेत, हेही बाईंनी सांगून टाकलं. मला त्यांचा विश्वास वाटला तो अशा सांगण्यामुळेच.

लगेच मशीन लावलं नाही. आधी हाताने दाबून, ताणून, व्यायाम देऊन पाहिलं. फरक पडला, पण अर्धाच. दुखणं जुनं झालं होतं. तेव्हा शॉकवेव्हचा विषय निघाला आणि मी ह्यांच्या मुतखड्याची गोष्ट काढली.

या लाटांची हकिकत ऐकण्यासारखी आहे. जर्मनीत डॉर्नियर नावाची विमानं बनवणारी कंपनी होती. आपल्या तटरक्षक दलाची डॉर्नियर विमानं मूळ त्याच कंपनीच्या आराखड्याची, आता कानपूरला बनतात. आवाजापेक्षा जास्त वेगाने उडणाऱ्या विमानावर पावसाचा थेंब आपटला तरी धातूला इजा होते, असं दिसलं. त्या धक्क्याच्या लाटा पदार्थाच्या आत कशा पसरतात याचा अभ्यास चालला, आणि अशा लाटा शरीराच्या आत एका बिंदूवर आणल्या तर वरची कातडी न कापता खडा फुटेल, अशी कल्पना पुढे आली. म्युनिकमध्ये क्रिस्टियन चाउसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७ फेब्रुवारी १९८० रोजी पहिल्या माणसाचा मुतखडा या पद्धतीने फोडला. तेव्हा माणसाला पाण्याच्या टबात झोपवत, कारण लाटा हवेतून नीट जात नाहीत, पाण्यातून जातात. ह्यांच्या कमरेची पाण्याची उशी कशासाठी होती, ते मला इतक्या वर्षांनी कळलं. खडा फोडताना वाटेतल्या हाडावर या लाटांचा परिणाम होतो असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आणि हाडाचे डॉक्टर जागे झाले. १९९१ साली बल्गेरियातल्या डॉक्टरांनी न जुळणाऱ्या हाडांवर त्या वापरल्याचं प्रसिद्ध केलं. पुढे टाचदुखी, टेनिस एल्बो, खांद्यात साठलेला चुना. अमेरिकेच्या औषध नियंत्रण खात्याने टाचदुखीसाठी अशा यंत्राला २००० साली परवानगी दिली. स्नायूंच्या गाठींची पाळी त्यानंतरची.

पण मिरजेतलं मशीन खडा फोडणाऱ्या मशिनाच्या मानाने खूप सौम्य. खड्याच्या लाटा आत खोलवर एका बिंदूवर एकवटतात. छोट्या दवाखान्यांतून बहुधा असतं ते रेडियल मशीन. त्याच्या हातातल्या पिस्तुलासारख्या नळीत एक धातूचा छोटा गोळा असतो, कॉम्प्रेसरच्या हवेने तो पुढे फेकला जातो आणि टोकाच्या चकतीवर आपटतो. चकती कातडीला टेकलेली, त्यामुळे धक्का आत जातो आणि पसरत पसरत क्षीण होतो. जोर सगळ्यांत जास्त कातडीपाशी, आत जाईल तसा कमी. दगड फुटण्याइतकी ताकद त्यात नसते. स्नायूला तो धक्का मिळाला की तिथला रक्तपुरवठा वाढतो, दुखण्याचा निरोप नेणाऱ्या नसा काही काळ मंदावतात आणि आवळलेली पट्टी सुटायला मदत होते, अशी त्यामागची समजूत.

आधी प्रश्नांची एक फैर झाली. रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का? रक्ताचा काही आजार? या खांद्यात अलीकडे स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलंय का? कुठे कर्करोगाची गाठ होती का? तरुण बाईला त्या गरोदर आहात का, असंही विचारतात. वाढीच्या वयातल्या मुलांच्या हाडांच्या टोकांवर, मेंदूवर, मणक्याच्या नसांवर हे लावत नाहीत, आणि छातीवर फुप्फुसाच्या बाजूला तर फार जपून. माझ्या गाठीखाली फऱ्याचं रुंद हाड आहे म्हणून तिथे चालतं. फऱ्याच्या बाहेर बरगड्यांवर त्या गेल्या नाहीत. हे प्रश्न न विचारता कुणी मशीन लावत असेल तर तिथून उठून यावं.

पालथं झोपवलं. सोनोग्राफीला लावतात तसली गार जेल फऱ्यावर पसरली. बाईंनी डाव्या हाताच्या बोटाने पट्टी शोधून धरली आणि उजव्या हाताने नळी टेकवली. कॉम्प्रेसर घरघरला. पहिले ठोके सौम्य होते, नुसती थरथर. मग हवेचा दाब वाढवत दोन बारच्या आसपास आणला आणि त्या म्हणाल्या, "आता शून्य ते दहात किती दुखतंय ते सांगत राहा. सातच्या वर गेलं की मी कमी करते. सोसत पडायचं नाही."

सेकंदाला दहा ठोके. आवाज मोठा, कोरडा, कानाजवळ. कातडीवर चावल्यासारखं होतं, पण आतला परिणाम वेगळाच. नळी पट्टीवरून सरकत सरकत त्या जागेवर आली आणि ठोके पाठीवर पडत असताना खांद्याच्या पुढे ठणका उठला, प्रत्येक ठोक्याला एक. "आलं पुढे," मी म्हटलं. "आलं ना? मग जागा बरोबर आहे," बाई म्हणाल्या आणि नळी तिथेच धरली. एकदा टोक हाडाच्या उंचवट्याला लागलं तेव्हा झणका बसला, लगेच त्यांनी कोन बदलला. जागेवर धरून ठेवल्यावर मी आठ म्हटलं, मग दाब उतरवला. थोड्या वेळाने तीच जागा, तोच दाब, पण ठणका सहावर आला, मग पाचवर. दोन हजार ठोक्यांना तीन-साडेतीन मिनिटं लागतात. मला ते बरंच लांबलेलं वाटलं, पण ठणका आपल्याआपण उतरताना पाहणं हा अनुभव मी विसरणार नाही. गोळीनेही तो उतरायचा, पण तेव्हा गोळी सगळंच बधिर करायची. इथे दुखणारी जागाच सैल होत होती.

उठल्यावर हात वर केला. डोक्यापर्यंत गेला. मी दोनदा करून पाहिला. बाईंनी लगेच सांगून ठेवलं, "आज हलकं वाटेल, उद्या ठणकेल. घाबरून गोळी घेऊ नका आणि बर्फ लावू नका. सूज येणं हाच शरीराचा दुरुस्तीचा मार्ग, तो आपण बंद करायचा नाही." तसंच झालं. दुसऱ्या दिवशी फऱ्यावर लाल चट्टा, बोट लावू देत नव्हता. कैचीला मी हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी उतरलं आणि त्या रात्री मी उजव्या कुशीवर वळून झोपले, ते सकाळी जाग आल्यावर लक्षात आलं.

सर्वसाधारणपणे आठवड्याच्या अंतराने तीन ते पाच वेळा हे देतात. माझंही तेवढ्यात भागलं. प्रत्येक वेळी आधी बोट, मग मशीन. एका आठवड्यात गाठ फऱ्याच्या कडेकडे सरकलेली सापडली, तर ठोके तिकडे गेले. पैसे त्या त्या वेळचे, एका वेळचे आठशे. शेवटच्या खेपेला तर बाईंनी गाठ तपासून "आज मशीन नको, नुसता व्यायाम बघू" म्हणून दोनशेच घेतले. आधीच्या ठिकाणी भरलेलं पॅकेज असतं तर नको असलेले ठोकेही मी खाल्ले असते.

या उपचाराला जादू समजू नये. टाचदुखी आणि खांद्यातला चुना यांच्यासाठी त्याला जेवढा अभ्यासाचा आधार आहे, तेवढा स्नायूंच्या गाठींसाठी अजून नाही. अभ्यास झाले आहेत, मानेच्या-खांद्याच्या स्नायूंवर बरेच झाले आहेत, त्यांत गुणही दिसला आहे, पण ते लहान लहान आहेत. माझ्या नणंदेला कमरेत दिलं, तिला विशेष फरक पडला नाही. तिचं दुखणं नसेचं निघालं. गाठच नसेल तर गाठ सोडवणारं मशीन काय करणार? म्हणून माझं मत पक्कं झालं आहे. या उपचारात महागडं मशीन दुय्यम, जागा शोधणारं बोट पहिलं. ज्या दवाखान्यात बोटाचा वेळ देतात तिथे जावं, मशीन कुठल्या कंपनीचं आहे ते नंतर.

आणि कारण घरातच राहिलं तर गाठ परत येते. बॉबिनचा डबा मी समोर आणला. एवढी क्षुल्लक गोष्ट, पण पहिले काही दिवस हात आपोआप मागे जायचा आणि रिकामी फळी चाचपून परत यायचा. कटिंगच्या टेबलाखाली सुताराकडून ठोकळे बसवून घेतले, आता कापताना कोपर कमरेच्या उंचीला, अंगाजवळ राहतं. कापड फिरवून घेते, हात ताणत नाही. व्यायामाला रबराचा पट्टा आहे. कोपर कमरेला टेकवून, दाराच्या कडीला बांधलेला पट्टा बाहेरच्या बाजूला ओढायचा, सावकाश सोडायचा. दुखणाऱ्या स्नायूला विश्रांती द्यावी असंच मला वाटायचं; बाई म्हणाल्या, विश्रांती दिली, आता ताकद द्या. दुपारी दुकानात मुली डबा खाऊन बसल्या की माझा पट्टा सुरू होतो. आता त्याही करतात.

दुखणं अजिबात गेलं, असं मी म्हणणार नाही. लग्नसराईत तीन-चार जड ऑर्डरी एकदम आल्या की फरा कुरकुरतो. तेव्हा भिंत आणि पाठ यांच्यामध्ये टेनिसचा चेंडू धरून त्या जागेवर अंग टेकवून उभी राहते. ठणका पुढे उमटतो, मिनिटभरात विरतो. जागा ठाऊक झाल्यापासून भीती गेली आहे. हूक माझा मी लावते.

गेल्या महिन्यात माझ्याकडची सगळ्यांत धाकटी मुलगी इस्त्री करताना सारखी उजवा खांदा चोळताना दिसली. विचारलं तर "काही नाही ताई, रात्री झोप नीट झाली नाही" म्हणाली. तिला पाठमोरी बसवून मी फऱ्यावर बोट फिरवलं. मला काही बाईंच्यासारखं कळत नाही, पण पट्टी लागली. सुट्टीच्या दिवशी तिला घेऊन मिरजेला गेले. बाईंनी तपासलं, दाबून सोडवलं, व्यायाम शिकवला. दुखणं नवं आहे, मशीन लागणार नाही, म्हणाल्या. सध्या तिला इस्त्री देत नाही. ते काम मी आणि बाकीच्या मुली वाटून घेतो, आणि ती समोर बसून हूक-काजं करते.